एका वर्षाची अट

थोरल्या लेकीला जुळे मुलगे झाले त्या वर्षी, विद्यापीठ कसं असावं हे ठरवायला चावीमामांना बोलावणं आलं. घरात जुळ्यांची बातमी मोठी होती, त्यामुळे विद्यापीठाचं आठ दिवस कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मामा पाणीखात्यात चावीवाले होते. रोज पहाटे सायकलला छातीएवढी उंच लोखंडी चावी बांधून निघायचं, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत बसवून व्हॉल्व्ह फिरवायचा, की त्या भागाला पाणी सुटतं. वेळ संपली की परत जाऊन बंद करायचा. एकतीस वर्षं हेच. कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर कुठेच नव्हतं.

बोलावणं घेऊन आली ती त्यांच्या बहिणीची मुलगी. ती कॉलेजात शिकवायची. तिचं ऐकून ऐकूनच सगळा मोहल्ला त्यांना मामा म्हणायला लागला होता. जुळ्यांना बघायला म्हणून ती आली आणि दोन्ही मांड्यांवर एकेक बाळ घेऊन म्हणाली, "मामा, आमच्या समितीत याल का?"

"कसली समिती? नळाची?"

"विद्यापीठाची. नवं काढायचंय. मुलं पेपर लिहून पास होतात आणि गावाचं काही भलं होत नाही, असं नको. शिकतील ते लोकांच्या कामी आलं पाहिजे. तसा आराखडा करतोय."

"माझं शिक्षण ठाऊक आहे ना तुला? मी सही करायला शिकलो तेव्हा तू दहावीत होतीस."

"म्हणूनच विचारतेय."

"म्हणूनच काय! फोटोत एक अडाणी माणूस बरा दिसतो म्हणून?"

भाची हसली नाही. "शिकलेले सहाजण आहेत मामा. सहाजणांनी मिळून आजवर एक नळ दुरुस्त केलेला नाही."

आतून मामी म्हणाल्या, "मग तुझे मामा शोभतीलच तिथे. आमचा मोरीतला नळ दिवाणखान्यात ऐकू येतो."

मामा गेले.

समिती एका जुन्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बसायची. लांब टेबल, भिंतीवर पांढरा फळा, फळ्यावर गोल आणि गोलातून निघणारे बाण. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राचार्य. बैठक सुरू झाली की ते पेन्सिलींना टोक करायला घ्यायचे आणि संपेपर्यंत डबाभर पेन्सिली टोकदार होऊन पडायच्या. लिहायचे मात्र पेनाने. त्यांचा या नव्या विद्यापीठावर फारसा विश्वास नव्हता. भाचीने मामांची ओळख करून दिली तेव्हा ते म्हणाले, "वा! म्हणजे घरचंच कार्य दिसतंय."

"हो," मामा म्हणाले, "पण वाढपी तुम्ही आहात, तेव्हा काळजी नाही."

पहिल्या तीन बैठकांत मामा काही बोलले नाहीत. चौथ्या बैठकीत आराखड्याचं मुख्य कलम ठरलं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक कागद आला. मामांनी ओळीखाली बोट धरून वाचायला घेतलं. बाकीच्यांचं वाचून झालं, चहा आला, चहा संपला, कपबश्याही उचलून नेल्या, तरी मामांचं बोट दुसऱ्या ओळीवरच होतं. कलमाचा अर्थ सरळ होता: विद्यार्थ्याने शेवटच्या सहामाहीत लोकांचा एखादा खरा प्रश्न घ्यायचा, तो सोडवायचा, आणि ज्यांचा प्रश्न सुटला त्यांनी सह्या केल्या तरच पदवी.

"ही सही मीही देईन," मामा शेवटी म्हणाले.

"छान. म्हणजे तुम्हाला मान्य आहे," प्राचार्य म्हणाले.

"मान्य कुठे? मी कुणालाही सही देईन, असं म्हणतोय. दारात पोर उभं आहे, सहा महिने उन्हातान्हात फिरलंय, तोंड एवढंएवढंसं झालंय, आणि म्हणतंय, काका, तुमचा प्रश्न सुटला का? नाही म्हणायला माणूस दगडाचा पाहिजे. सगळे सह्या देतील. सगळी पोरं पास."

प्राचार्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग तुमचं म्हणणं काय?"

"आमच्यात पाइपाला नवीन जोड मारला की त्या दिवशी तपासत नाहीत. त्या दिवशी सगळेच जोड कोरडे असतात. वर्षाने जाऊन बघायचं, न सांगता. पोर निघून गेल्यावरही काम चाललंय का ते. त्याला विचारूच नका. नळालाच विचारा."

भाचीने फळ्यावरचे दोन गोल पुसून टाकले आणि ते लिहून घेतलं. कागदोपत्री त्याला मोठं नाव पडलं, पण बोलताना सगळे 'एका वर्षाची अट' म्हणायला लागले. पदवी काम संपल्यावर नाही, एक वर्षाने. तेही समितीचा माणूस अचानक जाऊन बघून आल्यावर.

पुढच्या वर्षी विद्यापीठ त्याच शाळेच्या इमारतीत सुरू झालं. पहिल्या तुकडीत बावीसजण होते आणि त्यात मामांची धाकटी लेक होती. तिने कुणालाच न विचारता अर्ज भरला होता. निवड झाल्यावर घरात सांगितलं आणि पहिलंच वाक्य हे टाकलं, "बाबा, समितीत तुम्ही आहात, आत्याची ताई आहे. उद्या लोक म्हणतील वशिल्याने शिकली. तेव्हा माझ्या कामात तुम्ही बोट घालायचं नाही. काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही."

"नाही घालणार."

"शपथ घ्या."

"अगं, नाही म्हटलं ना!"

भाचीनेही कागदावर लिहून दिलं की धाकटीची तपासणी आपण करणार नाही. ती प्राचार्यांनी स्वतःकडे घेतली.

जुळे तीन वर्षांचे झाले तेव्हा धाकटीची शेवटची सहामाही आली. तिने प्रश्न निवडला पाण्याचा. मामांनी ऐकलं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. मामी म्हणाल्या, "ते उलटं धरलंय."

प्रश्न असा होता. चौकातल्या एकाच व्हॉल्व्हवर दोन गल्ल्यांना पाणी जायचं, खालच्या गल्लीला आणि चढावरच्या गल्लीला. खालच्या गल्लीतली घरं आधी पाणी ओढायची, त्यातही निम्म्यांनी नळाला मोटारी लावलेल्या. चढावर शेवटच्या अकरा घरांत नळ नुसता फुसफुसायचा. तिथल्या बायका खाली येऊन पाणी भरायच्या आणि हंडे घेऊन चढ चढायच्या.

धाकटीने नळ न नळ मोजला. बादली भरायला लागणारी मिनिटं लिहिली. मग चार महिने ती खालच्या गल्लीत घरोघर बसली. शेवटी ठरलं: सहा ते साडेसहा खालच्या गल्लीने नळ आणि मोटारी बंद ठेवायच्या; तेवढ्यात चढावर पाणी भरून होईल; साडेसहानंतर खालच्यांनी हवं तेवढं घ्यावं. दोन्ही गल्ल्यांतल्या नऊ बायकांचं मंडळ झालं. चौकात पाटी लागली. पहिल्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी चढावरच्या शेवटच्या घरात बादली भरली आणि तिथल्या म्हाताऱ्या आजींनी धाकटीच्या दोन्ही गालांवर ओले हात ठेवले.

मामा चौकात व्हॉल्व्हपाशी उभे होते. त्यांनी नेहमीचे सोळा फेरे दिले होते, एकही जास्त नाही.

काम संपलं. दुसऱ्या एका शहराच्या पाणीखात्याने धाकटीला बोलावून घेतलं, नेमणूकही कबूल केली. फक्त पदवी हाती आल्यावर. म्हणजे वर्षभर थांबायचं होतं. ती एका शाळेत तात्पुरतं शिकवू लागली आणि मुद्दाम चौकाकडे फिरकेनाशी झाली. अट तशीच होती: ती नसतानाही काम चालायला हवं होतं.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. पाचव्या महिन्यात खालच्या गल्लीत दोन घरांत नवे भाडेकरू आले. पाटी त्यांनी वाचली असेल, पण मोटारही होतीच. सव्वासहाला त्यांची मोटार घरघरली. शेजारच्याने दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी त्यानेही लावली. मंडळातली बाई सांगायला गेली तर तो म्हणाला, "आधी त्यांना सांगा." आठवड्यात सगळी गल्ली घरघरायला लागली. चढावर पुन्हा फुसफुस.

मामांना हे सगळ्यांत आधी कळलं. पाणी कुठे पळतंय, हे त्यांना चावीच्या दांड्याला हात लावूनच समजायचं. ते थोडा वेळ चावी धरून उभे राहिले. मग त्यांनी आणखी एक फेरा दिला. दुसऱ्या दिवशी दोन. शेवटी एकोणीस फेऱ्यांवर चढावरचं पाणी सुरळीत झालं. त्यांनी मनाशी म्हटलं, तीनच फेरे. लेकीच्या कामात बोट कुठे घातलंय? आपल्या कामात आपला हात आहे.

पण टाकीतलं पाणी तेवढंच. चौकाला तीन फेरे जास्त, म्हणजे मैदानापलीकडच्या वस्तीला तेवढं कमी.

त्या वस्तीत एक शिलाईवाली होती, एकटी, घरातच मशीन टाकून बसायची. फेब्रुवारीत तिने मामांची सायकल अडवली.

"मामा, राग नाही ना येणार? आमच्याकडे पाणी कमी झालंय हो. पूर्वी पाऊण तास यायचं, आता पंचवीस मिनिटं. पाइप गंजले असतील ना?"

"असतील," मामा म्हणाले.

"तेच म्हटलं मी सगळ्यांना. म्हटलं, मामा तिथे असताना गडबड होणार नाही. जुने पाइप, दुसरं काय. पण सकाळी मशीन थांबवून नळाशी बसावं लागतं, म्हणून विचारलं."

"बघतो," मामा म्हणाले. घरी येऊन ते जेवले नाहीत. मामींनी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

मार्चमध्ये एका पहाटे प्राचार्य चौकात हजर झाले. कुणाला सांगितलं नव्हतं. हातात वही, काखेत छत्री. पावणेसहाला त्यांनी मामांना नुसती मान हलवून ओळख दिली आणि चढ चढून वर गेले. सात वाजता परत आले तेव्हा दम लागला होता, पण चेहरा उजळला होता.

"मामा, मी हरलो," ते म्हणाले. "खरं सांगतो, मला वाटत होतं चार महिन्यांत सगळं बंद पडेल. अकराच्या अकरा घरांत बघितलं. पाणी आहे. एका आजींनी तर मला अंघोळ करून जा म्हणून आग्रह केला! लेक नाव काढणार तुमचं."

पाणी बंद करायला अजून वेळ होता; मामा चेंबरवर झाकण ठेवत होते. ते ठेवलं. पायाने दाबलं. मग पुन्हा उचललं.

"साहेब, इकडे या. चावी धरा."

"मी?"

"धरा तर. तीन फेरे बंद करा. उजवीकडे. हां. आता अर्धा तास चढावर पाणी येतं का बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे हे पाणी तिचं नाही. माझं आहे. सप्टेंबरपासून मी तीन फेरे जास्त देतोय. ठराव कधीच मोडलाय. सव्वासहाला मोटारी ऐकू आल्या नाहीत का तुम्हाला? आणि हे तीन फेरे मैदानापलीकडून चोरलेत. तिथे जाऊन विचारा. शिलाईवालीचं घर कुणीही दाखवेल."

प्राचार्य चावीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मामा, मला हे लिहावं लागेल."

"म्हणून तर सांगितलं."

"मला न सांगता तुम्ही उद्यापासून हळूहळू कमी करू शकला असता."

"करू शकलो असतो," मामा म्हणाले. "पण मग ती दुसऱ्या शहरात जाऊन तिथेही असंच करून आली असती, आणि तिथे तिचा बाप चावीवाला नसता."

धाकटीची पदवी रोखली गेली. दुसऱ्या शहराच्या पाणीखात्याने आणखी वर्षभर थांबायला नकार दिला. ही दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. जुळे सुट्टीला आले होते, तेसुद्धा कुजबुजत खेळले.

रविवारी धाकटी बापापुढे येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं फेरे द्यायला?"

"कुणी नाही."

"मग नापास मी का? मी शपथ घ्यायला लावली होती तुम्हाला."

"मी शपथ घेतली नव्हती."

"बाबा!"

"चुकलं माझं," मामा म्हणाले. "लेक म्हणून दिले. वर शिलाईवालीचं पाणी काढलं. दोन्हीकडून चुकलं."

धाकटी खाली बसली. रडायचं तिचं आधीच झालं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण माझंही चुकलंच ना. मी सगळं लोकांच्या शब्दावर उभं केलं. शब्द पाळणारा घर सोडून गेला की संपलं." ती फरशीवर बोटाने रेघा ओढू लागली. "दोन गल्ल्यांना एकच व्हॉल्व्ह आहे, हीच अडचण आहे. खालच्या गल्लीला वेगळा असता तर अर्धा तास तो बंद ठेवला की झालं. मग मोटारी लावून ओढणार काय, वारा? नवीन बसवायला सगळा रस्ता फोडावा लागेल, खातं कधी ऐकणार नाही. लाइन टाकणाऱ्याने खालच्या गल्लीला वेगळा व्हॉल्व्ह ठेवला का नाही, देव जाणे."

"ठेवलाय की," मामा म्हणाले.

धाकटीचं बोट थांबलं.

"काय?"

"आहे. चौकापासून अठ्ठावीस पावलांवर. पिठाच्या गिरणीच्या पायरीसमोर. रस्ता दोनदा उंच केला तेव्हा चेंबर खाली गेलं, वर डांबर आलं. मी नवीन लागलो तेव्हा फिरवायचो तो. अकरा फेरे."

"आणि हे तुम्ही मला सहा महिन्यांत एकदाही..."

"तू सांगायचं नाही म्हणालीस. सुचवायचं नाही म्हणालीस."

"मी दोनशे घरांत विचारत फिरले, बाबा! दोनशे!"

"घरातलं एक राहिलं."

मामी इतका वेळ दारात उभ्या होत्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "ही विचारणार नाही आणि हे सांगणार नाहीत. दोघं एका माळेचे मणी. चोरून फेरे देता येतात, तोंड उघडता येत नाही!"

धाकटीला हसू आलं आणि त्याचाच राग येऊन ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती कोरी वही घेऊन बापासमोर बसली आणि चौकशीला आलेल्या परक्या बाईसारखं म्हणाली, "तुमच्या हाताखाली एकूण व्हॉल्व्ह किती?"

मामा सांगू लागले. पाच दिवस सांगत होते. चौऱ्याण्णव व्हॉल्व्ह निघाले. त्यांतले नऊ डांबराखाली होते आणि त्या नऊंची खात्याला खबरच नव्हती.

भाचीला हे कळलं तेव्हा ती आराखड्याचा कागद घेऊन पुन्हा समितीपुढे गेली. कलमाच्या वर आणखी एक ओळ घालावी, असं तिने मांडलं: प्रश्न हाती घेण्याआधी, ते काम रोज करणाऱ्या माणसाकडे किमान पंधरा दिवस बसावं. प्राचार्य म्हणाले, "आणि तो विद्यार्थ्याचा बाप असला तर?"

"तरीही," भाची म्हणाली.

"घाला," प्राचार्य म्हणाले. "बापाचं नाव मात्र कलमात नको. पुढच्या तुकड्यांतली पोरं हसतील."

खात्याचा माणूस आणून, अठ्ठावीस पावलं मोजून, गिरणीच्या पायरीसमोर रस्ता खणला. पहिल्यांदा काहीच निघालं नाही. मामा खड्ड्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तेव्हा माझी पावलं मोठी होती." दोन हात पलीकडे झाकण लागलं. व्हॉल्व्ह जाम झाला होता. दोन दिवस तेल पाजल्यावर फिरला. अकरा फेरेच होते.

तेव्हापासून सहा ते साडेसहा खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद राहू लागला. चौकाला सोळा फेरे. मैदानापलीकडे पुन्हा पाऊण तास. खालच्या गल्लीने आठवडाभर आरडाओरडा केला, दोन अर्ज दिले, मग साडेसहाची सवय करून घेतली. हे सगळं धाकटीने खात्याच्या कामाच्या तक्त्यात लिहून घ्यायला लावलं. मंडळाच्या वहीत नाही, कुणाच्या डोक्यात नाही. एका वर्षाची अट तिला नव्याने लागू झाली.

मामांनी त्याच वर्षी, निवृत्तीला अकरा महिने बाकी असताना, खात्याला अर्ज दिला की आपल्याला चावीवरून काढून टाकीच्या आवारात बसवावं. साहेबाने कारण विचारलं. मामा म्हणाले, "माझा हात लागला की लोकांना शंका येते. मलाही येते." त्यांची चावी एका नव्या माणसाकडे गेली. तो तक्ता वाचून फेरे द्यायचा आणि मामांना ओळखतही नव्हता. मामा चौकातून जाताना सायकलवरून उतरायचे नाहीत. एकदा फक्त त्यांनी मामींना विचारलं, "चढावर पाणी येतं का गं?"

"जाऊन बघा की."

"मी नाही बघणार."

वर्ष भरल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्राचार्य पुन्हा पहाटे आले. या वेळी ते आधी मैदानापलीकडे गेले, शिलाईवालीच्या दारात घड्याळ लावून उभे राहिले. मग दुसऱ्या पहाटे चढावर. अकराही घरांत पाणी होतं. खालच्या गल्लीत सव्वासहाला एक मोटार घरघरत होती आणि काहीच ओढत नव्हती. धाकटीला पदवी मिळाली. ती आपल्याच शहराच्या पाणीखात्यात लागली. डांबराखालचे उरलेले आठ व्हॉल्व्ह तिने दोन वर्षांत वर काढले.

प्राचार्यांनी तपासणीच्या कागदावर शेवटी लिहिलं की काम कुणाच्याही मदतीशिवाय चालू आहे. ते खरंच होतं. चावीमामा त्याआधीच, एकोणीस फेब्रुवारीला, सकाळी अकराच्या सुमारास टाकीच्या आवारातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या वारले होते.